बंदूक, तांब्याचा पत्रा आणि शिळाप्रेस : अमेरिकेतली जुनी शिकारचित्रं कशी घडली

जॉन जेम्स ऑडुबॉन या अमेरिकन पक्षीचित्रकाराने काढलेला फ्लेमिंगो अनेकांनी कुठल्या तरी पोस्टरवर किंवा वहीच्या मुखपृष्ठावर पाहिलेला असतो. लालगुलाबी पक्षी पाण्याकाठी उभा आहे आणि त्याची लांबलचक मान वळून पार पायांजवळ आली आहे. पाहणाऱ्याला वाटतं, काय डौल आहे! डौल आहेच, पण मान वाकण्याचं पहिलं कारण कागद. प्रत्येक पक्षी खऱ्या आकाराचाच काढायचा, हा ऑडुबॉनचा हट्ट होता आणि त्याने वापरलेला प्रचंड कागदही जेमतेम ३९ इंच उंच होता. फ्लेमिंगो सरळ उभा केला तर त्यात मावत नव्हता, म्हणून त्याला खाली वाकवावं लागलं.

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पक्ष्याप्राण्यांच्या आणि शिकारीच्या चित्रांकडे पाहताना अशी साधी, हाताला लागणारी कारणं शोधावीत, असं मला वाटतं. त्यातली दोन सगळ्यांत मोठी. पहिलं बंदूक. कॅमेरा नव्हता, आजच्यासारखी हलकी दुर्बीण नव्हती. पक्षी नीट पाहायचा तर तो आधी पाडावा लागे. त्यामुळे त्या काळात शिकारी, अभ्यासक आणि चित्रकार ही बहुतेक वेळा एकच व्यक्ती असायची. दुसरं कारण छापखाना. मूळ चित्र एकच, ते एखाद्या श्रीमंताच्या घरात राहणार. बाकीच्यांपर्यंत जे पोचलं ते छापलेलं चित्र होतं. छपाईची रीत बदलत गेली तसं चित्र कुणी विकत घ्यायचं, कितीला घ्यायचं आणि त्यात काय दाखवायचं, हे सगळंच बदलत गेलं.

तांब्यावर कोरलेला पक्षी

अठराव्या शतकात चित्र छापायचं म्हणजे बहुधा तांब्याच्या पत्र्यावरून. पत्र्यावर कोरणीने रेषा खोदायच्या, किंवा मेणाच्या थरावर सुईने चित्र ओढून पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा. जिथे मेण खरवडलं गेलं तिथलं तांबं अ‍ॅसिड खातं. मग शाई त्या खाचांत भरायची, वरचा पत्रा स्वच्छ पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद ठेवून सगळं रुळांखालून दाबून काढायचं. कागदावर उमटतात त्या फक्त काळ्या रेषा. रंग? तो प्रत्येक प्रतीवर हाताने भरायचा. शंभर प्रती म्हणजे तेच चित्र शंभर वेळा रंगवणं. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली की त्या काळच्या पुस्तकांच्या किमती का आभाळाला भिडलेल्या होत्या, ते कळतं.

मार्क केट्सबी हा इंग्रज १७२२ साली कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला उतरला. तिथली झाडं, पक्षी, साप, मासे गोळा करत आणि चितारत तो चार वर्षं हिंडला. लंडनला परतल्यावर कळलं, की कोरणाऱ्या कारागिरांची मजुरी आपल्याला परवडणारी नाही. मग त्याने स्वतः अ‍ॅसिडने पत्रा कोरायची विद्या शिकून घेतली आणि पुढची बरीच वर्षं आपले पत्रे आपणच केले. कॅरोलिना, फ्लोरिडा आणि बहामा बेटांच्या निसर्गावरचं त्याचं २२० चित्रांचं पुस्तक भागाभागाने निघालं, ते १७४०च्या दशकात पूर्ण झालं.

आपण चित्रकलेत तयार झालेलो नाही, हे केट्सबीने प्रस्तावनेत मोकळेपणी मान्य केलं आहे. त्याचे पक्षी थोडे चपटे दिसतात आणि आकारांचा मेळ कुठेकुठे विलक्षण बिघडतो. एका चित्रात महाकाय बायसन एका फुलांच्या फांदीला अंग घासतोय आणि फांदी जवळजवळ त्याच्याइतकीच मोठी आहे. तरीही मला हा माणूस फार मोलाचा वाटतो. पक्षी आणि झाड एकाच चौकटीत एकत्र दाखवण्याची त्याची पद्धत त्या काळी नवी होती. त्याआधी बहुतेक पुस्तकांत पक्षी एखाद्या वठलेल्या खुंटावर, कुठलेही असावेत असे बसलेले असत. केट्सबीने हा पक्षी कशावर जगतो, हे दाखवायला सुरुवात केली.

विणकर, कवी, मास्तर

अलेक्झांडर विल्सन हा स्कॉटलंडमधल्या पेझली गावचा विणकर. गिरणीमालकावर उपरोधिक कविता केल्याबद्दल तुरुंगात जाऊन आला आणि १७९४ साली अमेरिकेला निघून गेला. फिलाडेल्फियाजवळ शाळामास्तरकी करताना शेजारी राहणाऱ्या विल्यम बार्ट्रम या वृद्ध निसर्ग अभ्यासकाने त्याला पक्ष्यांचं वेड लावलं. चित्रकला विल्सन जवळपास तिशी उलटल्यावर शिकला. आणि मग त्याने ठरवलं, की अमेरिकेतले सगळे पक्षी काढायचे.

फिलाडेल्फिया त्यासाठी योग्य गाव होतं. चार्ल्स विल्सन पीलचं संग्रहालय तिथे होतं. त्यात पेंढा भरलेले पक्षी नुसते मांडलेले नव्हते, त्यांच्यामागे रंगवलेले देखावेही होते. अलेक्झांडर लॉसनसारखा कसलेला कोरणारा कारागीर तिथेच होता. विल्सनच्या ग्रंथाचे नऊ खंड १८०८ ते १८१४ या काळात निघाले, वर्गणी १२० डॉलर. पत्रे वाचवण्यासाठी एकाच पानावर चार-पाच पक्षी दाटीवाटीने बसवलेले. ती पानं आज पाहताना गर्दी खटकते, पण त्या गर्दीमागे एका गरीब माणसाचा हिशोब आहे.

बंदुकीशी या चित्रांचं नातं किती अवघड होतं, ते विल्सननेच लिहून ठेवलेल्या एका प्रसंगात दिसतं. १८०९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनजवळ त्याने एक मोठा सुतारपक्षी पाडला. आयव्हरी-बिल्ड वुडपेकर म्हणतात तो, हस्तिदंती चोचीचा. पक्षी पंखाला जखम होऊन जिवंत राहिला. विल्सनने त्याला खाणावळीतल्या खोलीत कोंडलं आणि घोड्याची व्यवस्था लावायला बाहेर गेला. परत येऊन बघतो तर पक्ष्याने खिडकीजवळची भिंत फोडत आणली होती, पलंगावर चुन्याच्या गिलाव्याचा सडा पडला होता. मग त्याला मेजाला बांधून ठेवलं, तर त्याने महोगनीचं मेज पोखरून टाकलं. विल्सन त्याचं चित्र काढत असताना पक्ष्याने त्यालाही चोचीने बोचकारलं. तीन दिवस काही न खाता तो मेला आणि विल्सनला मनापासून वाईट वाटलं. त्या पक्ष्याची ताकद त्या चित्रात उतरली आहे. तीन दिवस समोर जिवंत असलेला पक्षी आणि पेंढा भरलेला पक्षी, यांतला फरक तिथे कळतो.

केंटकीत त्याने आकाशातून जाणाऱ्या प्रवासी कबुतरांचा, म्हणजे पॅसेंजर पिजनचा, एक थवा पाहिला आणि त्यातल्या पक्ष्यांचा अंदाज बांधला : दोन अब्जांहून जास्त. शंभर वर्षांनी, १ सप्टेंबर १९१४ रोजी, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात या जातीची शेवटची मादी, मार्था, मेली.

विल्सन स्वतः १८१३ साली, ग्रंथ पूर्ण व्हायच्या आत वारला. शेवटचे खंड त्याचा मित्र जॉर्ज ऑर्ड याने पुरे केले.

ऑडुबॉन आणि त्याच्यामागचे हात

१८१० साली विल्सन वर्गणीदार शोधत लुइव्हिलला पोचला तेव्हा एका दुकानात शिरला. दुकानदार होता ऑडुबॉन. ऑडुबॉनने पुढे सांगितलेली हकीकत अशी, की तो सही करणारच होता, तेवढ्यात भागीदाराने फ्रेंचमध्ये सुचवलं, की तुझी चित्रं याच्याहून चांगली आहेत. त्याने लेखणी खाली ठेवली. सही झाली नाही.

ऑडुबॉनचा जन्म १७८५ साली आजच्या हैतीत झाला. फ्रेंच कप्तानाचा, लग्नाबाहेर झालेला मुलगा. फ्रान्समध्ये वाढला, १८०३ साली नेपोलियनच्या सैन्यभरतीतून सुटण्यासाठी अमेरिकेत आला. धंद्यात बुडाला, १८१९ साली कर्जापायी तुरुंगातही गेला. त्यानंतर मात्र पक्षी हाच धंदा झाला.

त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पक्षी पाडल्यावर त्याचे रंग काही तासांत फिके पडू लागतात, म्हणून काम लगेच सुरू करायचं. लाकडी फळीवर चौकोनांची जाळी आखलेली असे. मेलेल्या पक्ष्याच्या अंगातून तारा घालून त्याला फळीवर हव्या त्या ढंगात बसवायचं : पंख पसरलेला, मान वळवलेली, भक्ष्यावर झडप घालणारा. कागदावरही तशीच जाळी. चौकोनागणिक मोजून उतरवलं की माप चुकत नाही. त्याच्या चित्रांत जो थरार दिसतो तो असा तारांवर ताणलेल्या मृत पक्ष्यातून आलेला आहे. जिवंत पक्षी त्याने रानात तासन्‌तास न्याहाळलेला असायचा, म्हणून तार कुठे वाकवायची ते त्याला ठाऊक होतं. तरीही काही चित्रांत पक्षी जरा जास्तच नाटकी झालेत, असं माझं मत आहे.

अमेरिकेत एवढं मोठं काम छापायला कुणी तयार होईना. १८२६ साली तो लिव्हरपूलला गेला आणि तिथे त्याने अंगावर लांडग्याच्या कातड्याचा कोट आणि खांद्यावर रुळणारे केस घेऊन अमेरिकन रानकऱ्याचा अवतार सादर केला. लोक खूश झाले. एडिंबरोत विल्यम लिझार्सने पहिले दहा पत्रे कोरले, त्यातला पहिला जंगली टर्कीचा. पण तिथल्या रंग भरणाऱ्या कामगारांनी संप केला आणि काम लंडनच्या रॉबर्ट हॅवेल या कारागिराकडे गेलं.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा अर्धा नायक हॅवेल आहे. त्याने नुसत्या रेषा कोरल्या नाहीत, अ‍ॅक्वाटिंट नावाची रीत जोडीला घेतली. पत्र्यावर राळेची बारीक पूड भुरभुरायची आणि पत्रा तापवायचा, म्हणजे कण चिकटतात. मग अ‍ॅसिड त्या कणांच्या मधल्या फटींतून तांबं खातं. छापल्यावर तिथे रेषा न दिसता करड्या रंगाची मऊ छटा उमटते. अ‍ॅसिडमध्ये जास्त वेळ ठेवलं तर छटा गडद, कमी वेळ ठेवलं तर फिकट. पिसांची मखमल, पाण्यावरचं धुकं, मावळतीचं आभाळ हे सगळं आधी अशा छटांत छापलं जाई आणि त्यावर कामगार जलरंगांचे पातळ हात देत. आपण ऑडुबॉनचं चित्र म्हणून पाहतो, त्यावर शेवटचा हात कुणा अनामिक कामगाराचा असतो.

मागची झाडंफुलंही बऱ्याचदा त्याची नव्हती. १८२० साली तो मिसिसिपी नदीतून निघाला तेव्हा जोसेफ मेसन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा बरोबर होता. पन्नासएक चित्रांतली पानंफुलं त्या मुलाची आहेत, पण छापलेल्या चित्रांवर त्याचं नाव नाही. पुढे चार्ल्सटनच्या मरिया मार्टिनने झाडं काढली, जॉर्ज लेहमनने देखावे काढले.

छपाई १८२७ ते १८३८ चालली. वर्गणीदारांना एका वेळी पाच चित्रांचा एक भाग मिळे : एक मोठं, एक मध्यम, तीन लहान. असे ८७ भाग, ४३५ चित्रं. पूर्ण संचाला अमेरिकेत सुमारे एक हजार डॉलर पडत. पूर्ण संच दोनशेच्या आतच निघाले आणि आज त्यांतले साधारण १२० शिल्लक असल्याचं माहीत आहे. २०१० साली लंडनच्या लिलावात एक संच सत्तर लाख पौंडांच्या वर गेला. मूळ जलरंग मात्र ऑडुबॉनच्या पश्चात त्याची बायको ल्यूसी हिने तंगीपोटी १८६३ साली न्यूयॉर्कच्या हिस्टॉरिकल सोसायटीला चार हजार डॉलरला विकले. तांब्याचे बहुतेक पत्रे पुढे भंगारात निघून वितळवले गेले, थोडेच वाचले.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. ऑडुबॉनने गुलाम विकत घेतले, विकले. नदीतून न्यू ऑर्लीन्सला जाताना होडी वल्हवणाऱ्या दोन गुलामांना त्याने प्रवास संपल्यावर विकून टाकलं. त्याच्या नावाने चालणाऱ्या पक्षीसंस्थांत यावरून मोठा वाद झाला. २०२३ साली राष्ट्रीय संस्थेने नाव कायम ठेवलं, पण शिकागो, न्यूयॉर्क, सिअ‍ॅटलच्या शाखांनी ते सोडून दिलं. चित्रं आवडणं आणि हे माहीत असणं, दोन्ही बरोबर घेऊनच त्याच्याकडे पाहावं लागतं.

घोडे, कुत्रे आणि शिकारीची मासिकं

आतापर्यंतची पुस्तकं अभ्यासाची होती. दुसरीकडे हौसेखातर शिकार करणारा, घोडे पळवणारा, गळ टाकून बसणारा एक वर्ग तयार होत होता आणि त्याला आपली चित्रं हवी होती. १८२९ साली बाल्टिमोरमध्ये जॉन स्टुअर्ट स्किनरने घोड्यांच्या शर्यती आणि शिकारीला वाहिलेलं मासिक सुरू केलं. अमेरिकेतलं अशा प्रकारचं ते पहिलं. १८३० साली फिलाडेल्फियात जॉन आणि थॉमस डाउटी या भावांनी निसर्ग आणि रानातले खेळ यांवर रंगीत चित्रांसह मासिक काढलं. थॉमस मूळचा चामड्याच्या धंद्यातला, पुढे निसर्गदृश्यांचा नावाजलेला चित्रकार झाला. मासिक चार वर्षांतच बंद पडलं, पण अमेरिकेत तयार झालेली पहिली रंगीत शिकारचित्रं त्यात आली.

घोड्यांचा चित्रकार म्हणजे एडवर्ड ट्रॉय. दक्षिणेतल्या मळेवाल्यांसाठी त्याने शर्यतीचे घोडे काढले, इतके नेमके की वंशावळ पाहणाऱ्याला चित्र पुरावा म्हणून वापरता यावं. ‘रिचर्ड सिंगल्टन’ हा त्यातला एक घोडा. त्याच्या चित्रात घोड्याबरोबर तीन कृष्णवर्णीय माणसंही आहेत : हॅरी, चार्ल्स आणि ल्यू. घोडा तयार करणारा, त्याची निगा राखणारा, त्यावर बसून शर्यत जिंकणारा, ही कामं गुलामगिरीतल्या माणसांकडे होती. घोड्याचं नाव, आडनाव, कूळ सगळं नोंदलेलं आणि हॅरीची ओळख मात्र मालकाच्या नावाने : ‘व्हायलीचा हॅरी’. मालकांनी घोड्यांसाठी पैसे मोजले, पण ट्रॉयने माणसांचे चेहरे टाळले नाहीत. म्हणून आज ही चित्रं त्या माणसांचा दुर्मीळ दाखला ठरली आहेत.

‘फ्रँक फॉरेस्टर’ या टोपणनावाने लिहिणारा हेन्री विल्यम हर्बर्ट हा केंब्रिजला शिकलेला इंग्रज. तो स्वतःच्या शिकारलेखांना स्वतःच चित्रं काढायचा. विणीच्या हंगामात पक्षी मारणाऱ्यांना, बाजारात विकायला ढिगाने शिकार करणाऱ्यांना त्याने १८४०च्या दशकातच खडसावलं. त्याची चित्रं मध्यम आहेत. हा इशारा मात्र पुढच्या पिढीने उचलला.

दगडावरची क्रांती

डाउटींच्या मासिकातली चित्रं तांब्यावरून छापलेली नव्हती, दगडावरून छापलेली होती. शिळाप्रेस. बव्हेरियातल्या अलोइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली ही युक्ती तेल आणि पाण्याच्या वैरावर चालते. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. दगड ओला करायचा, पाणी फक्त कोऱ्या जागी टिकतं. मग तेलकट शाईचा रूळ फिरवायचा, शाई फक्त खडूच्या रेषांना चिकटते. कोरणं नाही, अ‍ॅसिडने तांबं खाणं नाही. चित्रकार जवळजवळ कागदावर काढल्यासारखाच काढतो, फक्त उलटं. आणि एका दगडावरून हजारो प्रती निघतात.

ऑडुबॉननेही हे हेरलं. १८४० ते १८४४ या काळात त्याने आपल्या पक्ष्यांची लहान आवृत्ती फिलाडेल्फियाच्या जे. टी. बोवेनच्या शिळाप्रेसवर काढली. सात खंड, ५०० चित्रं, शंभर डॉलर. त्याला खरा पैसा मिळाला तो या आवृत्तीतून. सस्तन प्राण्यांवरची त्याची शेवटची मोठी १५० चित्रंही बोवेननेच छापली. या कामाच्या काळात ऑडुबॉनची नजर अधू होत गेली, त्यामुळे जवळपास निम्मी चित्रं मुलगा जॉन याने काढली. मजकूर जॉन बाकमन या पाद्र्याने लिहिला.

शिळाप्रेसचं खरं साम्राज्य उभं केलं न्यूयॉर्कच्या नॅथॅनिएल करियरने. १८३०च्या दशकात त्याने छापखाना काढला, १८५७ साली हिशेबनीस जेम्स आइव्हज भागीदार झाला आणि ‘करियर अँड आइव्हज’ हे नाव अमेरिकेत घरोघरी पोचलं. १९०७ साली बंद होईपर्यंत त्यांनी सात हजारांवर वेगवेगळी चित्रं काढली. लहान चित्र काही सेंटांना, मोठं एक ते तीन डॉलरला. दगडावरून काळी छपाई होई. रंग भरण्यासाठी लांब मेजाशी बायका ओळीने बसत, त्यांत जर्मनीतून आलेल्या बऱ्याच होत्या. मधोमध नमुन्याचं रंगवलेलं चित्र. एकीने फक्त निळा द्यायचा, पुढचीने फक्त हिरवा, कागद पुढे सरकत जायचा. हॅवेलच्या कारखान्यातलं काम इथे वाटून, वेगाने, स्वस्तात होऊ लागलं. त्यांच्या दगडांवर सर्वांत जास्त काम करणाऱ्या चित्रकारांत फॅनी पामर ही इंग्लंडहून आलेली बाई होती. तिने आगगाड्या, बोटी, घरं तर काढलीच, शिकारीचीही कित्येक दृश्यं काढली.

शिकारीच्या चित्रांत मात्र मुख्य नाव आर्थर फिट्झविल्यम टेट. लिव्हरपूलचा जन्म, १८५० साली अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या अ‍ॅडिरोंडॅक डोंगरांत रमला. बंदूक आणि गळ दोन्हीत तरबेज. तळ्याकाठचा तंबू, होडीत टाकलेलं हरीण, ट्राउट मासा गळाला लागलेला क्षण, हे त्याने असं काढलं की जाणत्या शिकाऱ्याने मान डोलवावी. १८५६ साली त्याने काढलेलं अस्वलाचं चित्र तर फारच गाजलं. बर्फात रक्त सांडलंय, पिसाळलेलं अस्वल मागच्या पायांवर उभं आहे, समोरच्या जखमी शिकाऱ्याच्या हातात फक्त सुरा, आणि मागे झाडांत त्याचा सोबती नेम धरतोय. गोळी अस्वलाला लागणार की मित्राला? करियर अँड आइव्हजने १८६१ साली ते छापलं.

तोच टेट पश्चिमेच्या गवताळ मैदानांवरची घोडेस्वार शिकाऱ्यांची चित्रंही काढायचा, आणि तिकडे तो कधी गेलेलाच नव्हता. जॉर्ज कॅटलिन आणि कार्ल बोडमर प्रत्यक्ष मिझुरी नदीच्या वरच्या भागात जाऊन मूळनिवासींची आणि बायसनांच्या शिकारीची चित्रं काढून आले होते, त्यांच्या छापील चित्रांवरून टेटने तपशील उचलले. दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहा. अ‍ॅडिरोंडॅकच्या चित्रांत पाण्याचा गारवा जाणवतो, मैदानांच्या चित्रांत नाटकाचा पडदा. शहरात दिवाणखान्यात ती टांगणाऱ्यांना हा फरक जाणवला नसेल, पण त्यांच्या मनातलं ‘रान’ याच चित्रांनी घडवलं.

रंगही छापले जाऊ लागले

पुढची पायरी : रंग हाताने न भरता प्रत्येक रंगाला वेगळा दगड वापरायचा. पिवळ्याचा एक, लालाचा एक, तांबूस छटेचा आणखी एक, असे दहा-वीस दगड एकावर एक अचूक जुळवून छापायचे. बोस्टनच्या लुई प्रँगने यात नाव काढलं. त्याचं पहिलं मोठं यश १८६०च्या दशकातलं, कोंबडीच्या पिल्लांचं चित्र, आणि तेही टेटचंच. ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत काढलेला आणि पुढे मळवलीला गेलेला छापखाना याच पद्धतीचा. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती आणि अमेरिकन शिकाऱ्याच्या भिंतीवरची बदकं एकाच तंत्राची लेकरं आहेत.

१८७८ साली बोस्टनच्या अलेक्झांडर पोपचं शिकारी पक्ष्यांवरचं वीस रंगीत चित्रांचं पुस्तक या पद्धतीने निघालं. सॅम्युएल किलबोर्नने त्याच सुमारास माशांची अशीच मालिका केली. या परंपरेतला माझा सर्वांत आवडता चित्रकार मात्र ए. बी. फ्रॉस्ट. १८९५-९६ मध्ये त्याची बारा शिकारचित्रं प्रसिद्ध झाली. त्यांत मोठा पराक्रम कुठेच नाही. ओल्या दलदलीत होडी ढकलणारा माणूस आहे, वास लागून थबकलेला कुत्रा आहे. फ्रॉस्ट स्वतः शिकारी होता. आणि तो रंगांध होता. कदाचित त्यामुळेच त्याचा भर रेषेवर, देहाच्या ठेवणीवर राहिला. थंडीत आखडलेले खांदे त्याच्याइतके खरे फार थोड्यांनी काढलेत.

बंदुकीच्या समोरून

विन्स्लो होमर हा चित्रकारही शिळाप्रेसमध्ये उमेदवारी करूनच वर आला. लाकडी ठोकळ्यांवरून छापणाऱ्या साप्ताहिकांसाठी त्याने कित्येक वर्षं चित्रं काढली. आयुष्यभर तो अ‍ॅडिरोंडॅकला मासे धरायला जात राहिला. १९०९ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने समुद्रावरची दोन बदकं काढली. एक वर, एक खाली कोसळताना. लाटांत दूर एक होडी आणि बंदुकीच्या नळीतून निघालेली लाल ठिणगी. बंदूक आपल्याकडे रोखलेली आहे. पाहणारा बदकांबरोबर हवेत आहे. दीडशे-दोनशे वर्षं ही चित्रं बंदुकीच्या मागून काढली गेली होती; होमर जाऊन पुढे उभा राहिला.

रानातही तोच बदल चालू होता. जॉर्ज बर्ड ग्रिनेल हा लहानपणी मॅनहॅटनच्या उत्तर भागात ऑडुबॉनच्या जुन्या वाडीत राहिलेला, ल्यूसी ऑडुबॉनच्या हाताखाली शिकलेला मुलगा. पुढे तो शिकारीच्या एका साप्ताहिकाचा संपादक झाला. बायकांच्या टोप्यांवर पिसं लावण्यासाठी चाललेली बगळ्यांची कत्तल थांबावी म्हणून त्याने १८८६ साली पहिली ऑडुबॉन सोसायटी काढली. स्वतः शिकारी असलेल्या माणसाने. १९०० साली बेकायदा मारलेल्या पक्ष्याप्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराविरुद्ध कायदा आला, १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण मिळालं. त्याच १९१८ साली शेवटचा बंदिस्त कॅरोलिना पोपट सिनसिनाटीत मेला. ऑडुबॉनने त्यांचा सात पक्ष्यांचा गलबलाट एका फांदीवर काढून ठेवला आहे.

छायाचित्रं आली तशी पुस्तकांतली गरज बदलली. जॉर्ज शिरास या शिकाऱ्याने रात्री होडीत दिवा ठेवून हरणं टिपण्याची जुनी शिकारयुक्ती कॅमेऱ्यासाठी वापरली आणि १९०६ साली त्याची रात्रीची छायाचित्रं नॅशनल जिऑग्राफिकमध्ये झळकली. तरीही लुई अगासी फुएर्तेससारख्या चित्रकाराला मागणी राहिली. चांगला चित्रकार शंभर पक्षी पाहून त्या जातीचा स्वभाव एका चित्रात आणतो, छायाचित्रात एकाच पक्ष्याचा एक क्षण येतो. १९३४ पासून अमेरिकेत बदकांची शिकार करणाऱ्याला टपालाच्या तिकिटासारखं एक सचित्र तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. पहिल्या तिकिटावरची बदकं डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराची. आज त्यासाठी दरवर्षी चित्रकारांची स्पर्धा होते.

भिंग घेऊन पाहा

अशी चित्रं कुठे पाहायला मिळाली, प्रदर्शनात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात, तर दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. तांब्यावरून छापलेल्या चित्रात रेष कागदावर किंचित उठून आलेली दिसते, कडेने पत्र्याचा दाब उमटलेला असतो आणि रंग कधीकधी रेषेबाहेर सांडलेला असतो, कारण तो कुंचल्याने भरलाय. अ‍ॅक्वाटिंटच्या छटेत बारीक जाळीदार कण दिसतात. शिळाप्रेसमध्ये खडूचा खरखरीत पोत, दाब नाही. अनेक दगडांच्या रंगीत छपाईत वेगवेगळ्या रंगांचे हाताने दिलेले, अनियमित ठिपके. आणि जर ठिपके अगदी एकसारख्या अंतरावर, फुलासारख्या गोल नक्षीत मांडलेले दिसले, तर ती अलीकडची यांत्रिक छपाई. करियर अँड आइव्हजची नावं असलेली अशी पुनर्मुद्रणं कॅलेंडरांवरून कापून चौकटीत घातलेली सर्रास विकली जातात.

घरबसल्या सुरुवात करायची असेल, तर नॅशनल ऑडुबॉन सोसायटीच्या संकेतस्थळावरून ऑडुबॉनची सगळी ४३५ चित्रं मोठ्या आकारात मोफत उतरवून घेता येतात आणि करियर अँड आइव्हजचा मोठा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसने खुला ठेवला आहे. लांब चोचीच्या कर्ल्यू या पक्ष्याचं चित्र आधी उघडा. मागे क्षितिजावर चार्ल्सटन शहर दिसतं, ते लेहमनचं काम आहे. ते मोठं करून आभाळाकडे पाहा, हॅवेलच्या राळेचे कण तिथे दिसतील.